चौथ्या धावेची पहिली गाडी

ब्रेकवालीला शर्यत दिसत नाही. दोन जणींच्या बॉबस्लेमध्ये पुढे बसते ती गाडी चालवणारी, आणि तिच्या पाठीमागे मी. बर्फाच्या घसरणीच्या तोंडाशी दोघींनी मिळून गाडी ढकलत धावायचं, वेग आला की आधी तिने आणि मग मी आत उडी मारायची, मी गुडघ्यांत डोकं खुपसायचं आणि अगदी खाली, शेवटची रेघ ओलांडल्यावर ब्रेक ओढायचे. मधलं मिनिटभर बाहेर काय चाललंय ते मला फक्त अंगाने कळतं. म्हणून गावात कोणी विचारलं, जागतिक स्पर्धेत उतरलीस तर तिकडे काय काय दिसलं, की मी खरं ते सांगते. माझे गुडघे दिसले. लोक हसतात, आणि मग बाकीचं सगळं सांगायला मी नीट मांडी घालून बसते.

मी हातखंब्यापासून आत सात-आठ किलोमीटरवरच्या गावातली. घरी भातशेती, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, थोडी आंबा-काजूची कलमं. वडील लोट्याच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर. खोली तिकडेच, सुट्टीच्या दिवशी तेवढे घरी. मी रत्नागिरीत एका शाळेत खेळाची शिक्षिका. कॉलेजात असताना मी गोळा फेकायचे आणि शंभर मीटरही धावायचे. गोळा फेकणारी मुलगी धावते कशाला, असं लोकांना वाटायचं. पण माझ्या मांड्यांत जोर होता आणि पहिल्या तीस मीटरांत मला कोणी गाठायचं नाही. पुढच्या सत्तर मीटरांत मात्र एक जण हटकून गाठायची.

ती बंदरावरची. तिचे वडील बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर. मच्छीमार बोटी समुद्रात जाण्याआधी ज्या बर्फाच्या लाद्या भरून नेतात, त्या तिथे तयार होतात. तीन वर्षं आम्ही जिल्ह्याच्या स्पर्धांत एकमेकींशेजारच्या लेनमध्ये धावलो, आणि तीन वर्षांत आमच्यात दहा वाक्यांवर बोलणं झालं नाही. ती जिंकायची, मी दुसरी यायचे, आणि पदक घेताना दोघी सरळ समोर बघायचो. कॉलेज संपल्यावर ती टेम्पो चालवायला लागली. पहाटे कारखान्यातून बर्फ भरायचा आणि आरे-वारेच्या घाटाघाटाच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडच्या हॉटेलांना आणि पुढच्या लहान बंदरांना पोचवायचा. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, कोपर खिडकीत. शाळेत जाताना मला ती दिसायची. आम्ही मान हलवायचो, इतकंच.

मग एक दिवस खेळाच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पत्रक आलं. पुण्यात बॉबस्ले आणि स्केलेटनसाठी निवड शिबिर होतं. बर्फावर चाललेली माणसं नको होती. जोरात धावणारी आणि जड ढकलणारी हवी होती. मी ते तीनदा वाचलं. एकटीने जायचा धीर होईना, म्हणून सरळ बर्फाच्या कारखान्यात गेले आणि तिला पत्रक दाखवलं. तिने ते उभ्या उभ्या वाचलं, फोन परत दिला आणि विचारलं की गाडीला स्टिअरिंग असतं का. मी म्हटलं, असावं. ती म्हणाली, मग येते.

शिबिरात आमच्याकडून तीस मीटर धावून घेतलं, उड्या मारून घेतल्या, वजनं उचलून घेतली. प्रशिक्षक होते सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. अर्धं आयुष्य हिमालयात काढलेलं, बोलणं कमी. शेवटच्या दिवशी त्यांनी निवडलेल्या मुलींना विचारलं की गाडी कोणाला चालवता येते. बऱ्याच जणींना स्कूटर येत होती. ती म्हणाली की ती बर्फाचा टेम्पो चालवते. मागे बसलेल्या काही मुली हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, वळण कसं घेतेस?

तिने जरा विचार केला. "वळण दिसायच्या आधी वळवायला लागतं," ती म्हणाली. "आणि जोर नाय लावायचा. जोर लावला की मागचा बर्फ सरकतो."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्या दिवसापासून ती चालक झाली आणि मी तिच्या मागची.

आमच्या देशात बॉबस्लेची बर्फाची घसरण नाही. परदेशात जाऊन तिथे भाड्याने गाडी घ्यायची, तिथे मिळतील तेवढे दिवस सराव करायचा, आणि बाकीचं वर्ष घरी राहून सुरुवातीची धाव घोटायची. ती सुरुवात म्हणजे अर्धी शर्यत, असं साहेब म्हणत. वरच्या पन्नास मीटरांत जो वेळ जातो तो खाली येईपर्यंत वाढतच जातो. तेव्हा आम्ही रत्नागिरीत ढकलायला काहीतरी शोधू लागलो. बोटींना लोखंडी कामं करून देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये पाइपांचा सांगाडा जोडून घेतला, खाली चार चाकं लावली, मागे माझ्यासाठी दोन मुठी आणि डाव्या अंगाला तिच्यासाठी एक दांडा. वजनासाठी आत जांभ्याचे चिरे ठेवले. शहराबाहेर सड्यावर एक सरळ, जरासा उताराचा रस्ता आहे. सकाळी सहाला तिथे वाहन नसतं. रोज पंधरा वेळा खाली ढकलायचं आणि पंधरा वेळा वर ओढत आणायचं. खाली ढकलायला पाच-सहा सेकंद, वर ओढायला पाच मिनिटं. फिरायला येणारी म्हातारी मंडळी पहिला महिनाभर थांबून बघायची. नंतर त्यातले एक गृहस्थ शिट्टी घेऊन यायला लागले आणि आम्ही उशिरा आलो तर बोलायचे.

पण चाकं म्हणजे बर्फ नव्हे. आमच्या बुटांना खाली शेकडो बारीक सुया असतात, बर्फात रुतायला. ते बूट घालून डांबरावर धावता येत नाही. तिने हे तिच्या वडिलांना सांगितलं. मी त्यांना चाचा म्हणते. दोन दिवसांनी सकाळी त्यांनी आम्हाला कारखान्यात बोलावलं. मागच्या शेडमध्ये बर्फाच्या लाद्या एकीला एक भिडवून दोन ओळींत मांडल्या होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर पाणी मारून फटी बुजवलेल्या. कामगार भिंतीला पाठ लावून उभे.

"तासाभरात बोटीत भरायच्यात," चाचा म्हणाले. "तोपर्यंत धावा."

बर्फावरची माझी पहिली धाव रत्नागिरीत झाली, दहा-बारा पावलांची. तिसऱ्या पावलाला मी आपटले. ती सातव्या पावलाला. तासभर आम्ही पडत होतो आणि उठत होतो, आणि शेवटच्या वेळी दोघी टोकापर्यंत पोचलो तेव्हा कामगारांनी टाळ्या वाजवल्या. सुयांनी टोचलेल्या त्या लाद्या मग फोडून बोटींत गेल्या. पुढचे कित्येक महिने आठवड्यातून एकदा चाचा आमच्यासाठी शेडमध्ये रस्ता मांडत राहिले.

पहिल्या हिवाळ्यात परदेशात गेलो आणि चौथ्याच दिवशी गाडी उलटली. ताशी शंभराच्या पुढे वेग होता. एका लांब वळणात गाडी भिंतीवर फार वर चढली आणि उतरताना कुशीवर पडली. मी आतल्या मुठी सोडल्या नाहीत, सोडायच्या नसतातच, पण माझा उजवा खांदा बर्फावर घासत राहिला, गाडी आपोआप थांबेपर्यंत. बर्फाने भाजतं हे मला तोवर माहीत नव्हतं. दवाखान्यात त्यांनी पट्टी बांधली, हाड शाबूत होतं. खोलीवर आलो तर ती पलंगावर बूटही न काढता बसून राहिली.

ती म्हणाली की तिला ते वळण दिसलंच नाही, आणि ती आता चालवणार नाही. तिचं काही झालं तर झालं, पण मागे मी बसते, मला काही दिसत नाही, आणि मी तिच्या भरवशावर आहे. हे ती रडत म्हणाली नाही. हिशेब करून झाल्यासारखं म्हणाली.

मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "तू वळलीस ते मला कळलं. उशिरा वळलीस, पण वळलीस. घाबरून हात सोडले असतेस तर मी उद्या बसले नसते. उद्या मी बसणार आहे."

तिने उठून माझे बूट पुसून ठेवले आणि स्वतःचे काढले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वळणातून सरळ खाली आलो. माझा खांदा पेटला होता, पण ब्रेक ओढून गाडी थांबली तेव्हा आम्ही दोघी हेल्मेटच्या आत वेड्यासारख्या हसत होतो.

घरी खांद्याचा फोटो कसा पोचला मला माहीत नाही. आई फोनवर रडली. वडिलांनी तिच्याकडून फोन घेतला आणि एवढंच म्हणाले, "पुरे आता." मी म्हटलं, अजून थोडं, बाबा. ते गप्प झाले, आणि त्यानंतर दोन वर्षं या विषयावर गप्पच राहिले. सुट्टीला घरी आले की कलमांना पाणी घालायचे, माझ्याशी शाळेबद्दल बोलायचे. मी कुठे जाते, काय करते, हे त्यांनी विचारलं नाही. मला ते खांद्यापेक्षा जास्त दुखायचं.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत वाटेल त्याला उतरता येत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या ठरावीक घसरणींवर ठरावीक शर्यती धड पुऱ्या कराव्या लागतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही त्या पुऱ्या केल्या. बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या, कधी शेवटून चौथ्या. एकदा तर बाकीच्या दोन गाड्या उलटल्या म्हणून आम्ही वर गेलो आणि त्याचं आम्हाला वाईटही वाटलं. पण पुऱ्या केल्या. साहेबांनी प्रवेश मिळाल्याचं पत्र आल्याचं सांगितलं तेव्हा ती टेम्पोत होती आणि मी सहावी 'ब'चा तास घेत होते. मी मुलींना लंगडीचा डाव चालू ठेवायला सांगितला आणि मैदानाच्या कडेला जाऊन तिला फोन केला. ती म्हणाली, थांब, टेम्पो बाजूला घेते.

स्पर्धा जर्मनीत होती, डोंगरातल्या एका लहानशा गावात. आम्ही तिघंच होतो, ती, मी आणि साहेब. दुसऱ्या देशांच्या ताफ्यात गाडी दुरुस्त करणारे, मालीश करणारे, कॅमेरे धरणारे असे दहा-दहा लोक. आमच्या भाड्याच्या गाडीखालच्या, बर्फावर सरकणाऱ्या पोलादी पट्ट्या आम्ही दोघीच पॉलिश पेपरने घासायचो. सरावाच्या दिवसांत आमच्या आधी स्केलेटनवाल्यांची वेळ असायची. पालथं पडून, हनुवटी बर्फाच्या वीतभर वर ठेवून, डोकं पुढे करून ते लोक खाली जायचे. ती कठड्याला टेकून कौतुकाने बघायची. मी बघायचेच नाही.

तो रमजानचा महिना होता. तिने घरी फोन करून विचारलं होतं, आणि चाचांनी सांगितलं होतं की प्रवासात सवलत आहे, रोजे परत आल्यावर ठेव. तरी रोज रत्नागिरीत रोजा सुटायच्या वेळेला, म्हणजे तिकडच्या दुपारी, ती घड्याळाकडे बघायची आणि एक खजूर तोंडात टाकायची. मलाही एक द्यायची.

दोन दिवसांत चार धावा, चारही धावांच्या वेळांची बेरीज. पण तीन धावांनंतर फक्त पहिल्या वीस गाड्या चौथ्या धावेला जातात. बाकीच्यांची स्पर्धा तिथेच संपते. गाड्या होत्या तेवीस. पहिल्या धावेत उडी मारताना माझा पाय काठाला अडखळला आणि गाडी सुरुवातीलाच डुचमळली. आम्ही बाविसाव्या. दुसरी धाव बरी झाली, तरी बाविसाव्याच. विसाव्या गाडीत आणि आमच्यात पापणी लवण्याएवढंच अंतर होतं, पण ते होतं.

संध्याकाळी गॅरेजमध्ये आम्ही पट्ट्या घासत बसलो होतो. साहेब बाजूला व्हिडिओ पाहत होते. ती म्हणाली की नवव्या वळणातून बाहेर पडताना दर वेळी गाडी भिंतीला लागते आणि वेग जातो, पण का ते तिला कळत नाही. हात बरोबर फिरतात, असं तिला वाटतं.

मी हातातलं काम थांबवलं. मला काही दिसत नसलं तरी प्रत्येक वळण माझ्या मानेला आणि पाठीला माहीत असतं. वळणात गाडी भिंतीवर चढली की अंगावर दाब येतो, उतरली की हलकं वाटतं. सरावात ज्या दिवशी आमची सगळ्यात चांगली धाव झाली, त्या दिवशी नवव्यात दाब दोनदाच आला होता. आज दोन्ही धावांत तीनदा आला.

मी तिला ते सांगितलं. "तिसरा दाब येतो तो भिंतीला लागायच्या आधी येतो," मी म्हटलं. "सरावात तो नव्हताच."

साहेबांनी मान वर केली. ती पेपर खाली ठेवून डोळे मिटून बसली आणि दोन्ही हात पुढे धरून हवेतच गाडी चालवू लागली. नवव्याला आली की थांबायची, पुन्हा वरून सुरू करायची. असं सात-आठ वेळा झालं. मग डोळे उघडून म्हणाली, "मी आत उशिरा जाते. म्हणून भिंतीवर चढ-उताराची एक लाट जास्त बसते." आणि पुन्हा पट्टी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिसरी धाव. क्रमाने गाड्या जात होत्या, आमच्या मागे एकच उरली होती. साहेबांनी आमच्या दोघींच्या हेल्मेटवर एकेक थाप मारली आणि बाजूला झाले. सुरुवात करताना प्रत्येक जोडीची काही आरोळी असते. आमची बंदरावरची, बोट वाळूवर ओढताना खलाशी देतात ती. मी मागून हाक दिली, "हय्या", तिने "हो" म्हटलं, आणि आम्ही गाडीला भिडलो. माझी पावलं मला मोजता येत होती. उडी नीट बसली. डोकं खाली गेलं.

मी वळणं मोजायला लागले. पहिली दोन हलकी. चौथ्यापासून वेग कानात वाजायला लागला. सातवं, आठवं. नवव्यात मानेवर दाब आला, सुटला. दुसऱ्यांदा आला, सुटला. मी तिसऱ्याची वाट पाहत दात आवळून बसले होते आणि गाडी सरळ झाली होती. मला ओरडावंसं वाटलं, पण श्वासच नव्हता. दहा, अकरा, बारा. मग चढ लागला, तिचा आवाज आला आणि मी ब्रेक ओढले.

मान वर केली तर ती आधीच बाहेर उभी राहून फलकाकडे बघत होती. आमच्या देशाच्या झेंड्यापुढे वीस आकडा होता.

पण वर अजून एक गाडी होती. त्या दोघीही आमच्यासारख्या उन्हाच्या देशातल्या, समुद्राकाठच्या. आदल्या दिवशी आमचा पॉलिश पेपर संपला तेव्हा त्यांनीच दिला होता. त्या चांगल्या खाली आल्या असत्या तर आम्ही एकविसाव्या झालो असतो. मी बर्फाच्या कडेला उभी राहून मनातल्या मनात त्यांच्यासाठी काय मागावं हे ठरवू शकले नाही. त्या नीट खाली आल्या, एकही टक्कर न होता, पण आमच्याहून थोड्या मागे राहिल्या. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांची चालक आमच्याकडे धावत आली आणि तिने मला कमरेला धरून चक्क उचललं. मी साधारण पंचाहत्तर किलोची आहे.

इकडे काय चाललं होतं ते मला नंतर आईने सांगितलं. चाचांनी आईला गावाहून कारखान्यात आणवलं होतं. ऑफिसातल्या टेबलावर मोबाइल उभा करून ठेवलेला, भोवती कामगार, खलाशी, आमच्या शाळेच्या बाई. तिसरी धाव सुरू झाली आणि त्याच सुमारास अजान झाली. सगळ्यांच्या हातात खजूर आणि सरबत, आणि कोणी तोंडात घालेना. चाचा म्हणाले, आधी रोजा सोडा, मुली पळून जात नाहीत. आमची गाडी खाली आल्यावर आईने पहिला घोट घेतला. तिचा रोजा नव्हता, तरी ती दुपारपासून काही न खाता बसली होती.

चौथ्या धावेत क्रम उलटा असतो. विसावी गाडी सगळ्यांत आधी जाते, पहिली सगळ्यांत शेवटी. म्हणजे अंतिम धावेची सुरुवात आम्ही करायची होती. तोवर दिवे लागले होते, बर्फ निळसर दिसत होता, आणि दोन्ही बाजूंना माणसं दाटली होती. निवेदकाने आमची नावं घेतली. ती इतकी चुकीची घेतली की आम्हाला क्षणभर दुसऱ्याच कोणाची वाटली, आणि त्या हसण्यातच अंगातली भीती गेली.

त्या धावेबद्दल मला सांगता येईल असं फार नाही. सुरुवात आमच्या आयुष्यातली सगळ्यात वेगवान झाली, हे नंतर आकड्यांनी सांगितलं. मला फक्त एवढं आठवतं की मुठी हातातून पुढे निघून चालल्यासारख्या वाटल्या आणि मी त्यांच्या मागे झेप घेतली. वळणं एकामागून एक, गुळगुळीत. कुठेही खटका नाही. मी ब्रेक ओढले तेव्हा ती पुढून माझ्या गुडघ्यावर हात मारत होती, एकसारखी.

बाहेर आल्यावर एका माणसाने आम्हाला हाताला धरून जाहिरातींच्या एका फळीपुढे नेऊन उभं केलं. तिथे त्या घडीला सगळ्यांत पुढे असलेली जोडी उभी राहते. आमच्याशिवाय अजून कोणी खाली आलंच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांत पुढे आम्हीच होतो. कॅमेरा आमच्या तोंडासमोर. फलकावर आमच्या नावापुढे एक आकडा.

दोन-तीन मिनिटं आम्ही जगात पहिल्या होतो. तिने माझा हात धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून स्पष्ट मराठीत म्हणाली, "चाचींना सांगा, जेवून घ्या." चाची म्हणजे माझी आई.

मग दुसरी गाडी आली. ती सहाव्या वळणात भिंतीला घासली, आणि बेरीज झाली तेव्हा ती आमच्या मागे होती. आम्ही अजून तिथेच. तिसरी गाडी मात्र आमच्या पुढे गेली आणि आम्ही त्या फळीपुढून बाजूला झालो. जाता जाता त्या जोडीशी हात मिळवला. शेवटी जगात आमचा नंबर एकोणिसावा लागला. साहेब कुंपणापाशी उभे होते. त्यांनी आम्हाला जवळ घेतलं नाही. टाचा जुळवून कडक सलाम केला, आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

कारखान्यात म्हणे तो एक आकडा दिसताच फटाके वाजले, आणि चाचांना सगळ्यांना बसवून समजावून सांगावं लागलं की अजून एकोणीस गाड्या यायच्यात. आईला ते पटलं नाही. ती आजही सांगते की मुली पहिल्या आल्या होत्या, नंतर बाकीचे आले.

परत येताना मुंबईहून रस्त्याने निघालो, शाळेने गाडी पाठवली होती. महामार्गावर खेड मागे पडलं आणि लोट्याच्या अलीकडे चालकाने गाडी हळू केली. दुपारी पहिली पाळी सुटायची वेळ होती. कंपन्यांच्या बसगाड्या रस्त्याच्या कडेला लागलेल्या, आणि फाट्यावर कंपनीच्या गणवेशातली चाळीस-पन्नास माणसं उभी. त्यांच्या पुढे माझे वडील, हातात झेंडूचे दोन हार.

मी उतरले. त्यांनी आधी तिच्या गळ्यात हार घातला, मग माझ्या. मग माझा उजवा खांदा हाताने चाचपला, शर्टावरूनच, जिथे तो भाजला होता.

"आता दुखतो?"

"नाय, बाबा."

त्यांनी मान हलवली. बरोबरच्या माणसांना म्हणाले की ही माझी मुलगी आणि ही तिची जोडीदारीण, आणि एकेकाला पुढे बोलावून ओळख करून दिली. कोणी पेढे दिले, कोणी हात जोडले. एका वयस्क कामगाराने विचारलं की गाडी एवढ्या जोरात येते तर थांबवतं कोण. वडील माझ्याकडे बघून म्हणाले, ही थांबवते. ते त्यांना माहीत होतं. म्हणजे दोन वर्षं ते कोणाला तरी विचारत होते, किंवा कुठेतरी वाचत होते, मला कळू न देता.

मग ते आमच्याच गाडीत बसले, मागच्या सीटवर आमच्या दोघींच्या मधे. परशुरामचा घाट उतरलो. चिपळूण गेल्यावर म्हणाले, पहिल्यापासून सांग. मी सांगायला लागले. मधे अडले की ती सांगायची. सुया लावलेले बूट, सड्यावरचे चिरे, नवव्या वळणातले दाब. ते प्रश्न विचारत होते, आणि चांगले प्रश्न विचारत होते. ब्रेक लवकर ओढला तर काय होतं. तिचा आवाज ऐकू आला नाही तर काय करतेस. उलटलो तर मुठी का सोडायच्या नाहीत. संगमेश्वर कधी गेलं मला कळलं नाही.

हातखंब्याला तिठ्यावर रस्ता अडला होता. ढोल-ताशे, शाळेच्या मुली, बंदरावरचे खलाशी, गावातली माणसं, हॉटेलांतून बाहेर आलेले लोक, दोन थांबलेल्या एसट्यांतले प्रवासी खिडकीतून वाकलेले. पुढे आई, आरतीचं ताट घेऊन, आणि तिच्या शेजारी चाचा, पांढरा इस्त्रीचा कुर्ता घालून. आई ओवाळताना आधी तिला ओवाळू लागली, मग मला, मग पुन्हा तिला. कोणीतरी माइक आणून तिच्या हातात दिला. ती चार माणसांत बोलायला लाजते हे मला माहीत होतं. तिने माइक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली की तिला भाषण येत नाही, पण पुढच्या हिवाळ्यात आणखी दोन मुली न्यायच्या आहेत, ज्यांना जोरात धावता येतं त्यांनी उद्या सकाळी सहाला सड्यावर यावं.

दुसऱ्या दिवशी सड्यावर एकतीस मुली आल्या.